दगड नसलेली पेटी

रोज सकाळी ते एकच दार दोनदा बंद व्हायचं. आधी ठमी बाहेरून कुलूप घालायची. किल्ली पर्समध्ये पडते न पडते तोच आतून खाडकन कडी लागायची आणि दारापलीकडून तिच्या वडिलांचा, अप्पांचा, आवाज यायचा, "तू बाहेरून, मी आतून. बघू कोण कोणाला कोंडतं ते."

संध्याकाळी परत आली की ती कुलूप काढायची आणि दारावर टकटक करून उभी राहायची. अप्पा लगेच कधी कडी काढत नसत. "कोण?" म्हणून विचारायचे. ती "मी" म्हणाली की "मी म्हणजे कोण?" अशा दोन-चार फैरी झडल्या की मगच कडी निघायची. दिवसभर कोंडून ठेवलेल्या माणसाला एवढा मान तरी हवाच, असं त्यांचं म्हणणं असावं. ठमीच्या दोन्ही हातांत पिशव्या असायच्या, पाय भरून आलेले असायचे, पण ती कधी चिडली नाही. कडीचा आवाज कानावर पडला की तिचा सकाळपासून अडकलेला श्वास सुटायचा.

ठमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी सारखी गाल फुगवून बसायची, म्हणून घरच्यांनी चिकटवलेलं. आता ती चाळिशीला टेकली होती आणि एका प्रयोगशाळेत सरड्यांना किती थंडी आणि किती ऊन सोसतं ते मोजायचं काम करत होती. तिथे तिला सगळे ताई म्हणत. वडील आणि थोरला भाऊ यांच्या लेखी मात्र ती ठमीच राहिली.

अप्पांची उभी हयात डोंगराच्या माथ्यावर गेली होती. रोपवेचं वरचं यंत्र त्यांच्या ताब्यात असायचं. खालून पाळणा निघाला की घंटा व्हायची, आणि तो वर येऊन टेकेपर्यंत अप्पांचा हात दांड्यावरून हलायचा नाही. नोकरी संपली, बायको गेली, तरी ते तिथल्याच दोन खोल्यांत राहिले. मग विसरायला लागले. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग गॅस. शेगडी पेटती ठेवून ते एकदा पाळणा बघायला निघून गेले आणि स्वयंपाकघराची अख्खी भिंत काळी झाली. तेव्हा ठमीनं त्यांना खाली शहरात आणलं, आपल्या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या घरात. डोक्यावर उघडी गच्ची, त्यामुळे भाडं कमी आणि उन्हाळ्यात तवा.

कुलूप पहिल्या दिवसापासून नव्हतं. अप्पा एकदा दुपारी घराबाहेर पडले आणि अंधार पडेपर्यंत सापडले नाहीत. सापडले ते बस डेपोत. प्रत्येक ड्रायव्हरच्या खिडकीशी उभं राहून ते नम्रपणे विचारत होते, "वर जाणार का?" अंगावर ओरखडे होते, पायात एकच चप्पल होती. त्या संध्याकाळी ठमी शहरभर धावली होती. दुसऱ्या दिवशी तिनं दाराला कुलूप आणलं. बाल्कनीच्या कठड्यावरून वाकून ते रस्त्यावरच्या लोकांना "पाळणा सुटला का हो?" असं विचारायला लागले, तेव्हा बाल्कनीच्या दारालाही आणलं. खिडक्यांच्या सरकत्या काचांना तिनं खिळे ठोकून घेतले, म्हणजे हात जाईल इतपतच उघडतील. मोठा कूलर घेतला, पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायला लागली, जेवण ताटाखाली झाकून ठेवायला लागली. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, माणसाला असं कोंडून ठेवतात का? ठमी ताडकन म्हणाली, कोंडलेलं नाही, सांभाळलंय. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

भाऊ दूरच्या शहरात होता. लांबच्या माणसाला काळजी नेहमी जास्त असते, कारण ती फोनवर करता येते. त्याचं म्हणणं असं, की जन्मभर गारव्यात राहिलेल्या म्हाताऱ्याला तू भट्टीत आणून बसवलंस. ठमीकडे याचं उत्तर तयार होतं, आणि ते साधंसुधं नव्हतं, मोजून काढलेलं होतं.

डोंगराच्या पायथ्याचे, मधल्या उतारावरचे आणि माथ्यावरचे असे एकाच जातीचे सरडे तिच्या प्रयोगशाळेत आणले जात. लंबू नावाचा तिचा सहकारी लांब काठीला दोऱ्याचा फास बांधून ते धरायचा. फास इतका हलका, की सरड्याला कळेपर्यंत तो कापडी पिशवीत पडलेला असे. मग एकेकाची पाळी. पत्र्याची एक पेटी होती, वरून दिवा, आत काही म्हणजे काही नाही. सरड्याच्या शेपटीच्या बुडाशी बारीक तारेचा तापमापक चिकटवायचा आणि दिव्याची आच हळूहळू वाढवत न्यायची. मधून मधून चिमट्यानं त्याला उताणा करायचा. जोवर तो झटक्यात उलटून चार पायांवर येतो तोवर त्याची हद्द आली नाही. ज्या वेळी तो पाय हलवतो पण उलटू शकत नाही, तो आकडा त्याचा. तिथेच त्याला उचलून गार पाण्यात सोडायचं. हात जरा रेंगाळला तर सरडा गेला. थंडीसाठी हेच सगळं बर्फावर.

दोन वर्षांच्या कामातून जे निघालं ते मोठं नवलाचं होतं. थंडीत माथ्याचे सरडे पायथ्याच्यांना कुठल्या कुठे मागे टाकत. खालचे गारठून लाकूड झाले तरी वरचे आरामात उलटत होते. उन्हाचं मात्र तसं नव्हतं. पायथा असो, माथा असो, सगळे जवळपास एकाच आकड्याला हात टेकत. म्हणून ठमीनं भावाला ठणकावून सांगितलं, थंडी सोसायची ताकद उंचीप्रमाणे बदलते, ऊन सोसायची नाही. वरचा सरडा खालच्याइतकंच ऊन खातो, मी स्वतः मोजलंय.

"अप्पा सरडा आहेत का, ठमे?" भाऊ म्हणाला.

ती हसली, पण मनातून हलली नाही. शिकलेल्या माणसाला आपल्या हातानं काढलेला आकडा पोटच्या पोरासारखा असतो, त्याची खोड त्याला दिसत नाही.

अप्पांना मात्र या सरड्यांचं भारी कौतुक होतं. संध्याकाळी कडी काढून तिला आत घेतलं, की खुर्चीत बसता बसता त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "आज किती उलटले?" मग "वरचे की खालचे?" वरचे थंडीत जिंकले म्हटलं की ते आपणच जिंकल्यासारखे मिशीत हसत. प्रयोगशाळेच्या मॅडमचा एक कडक नियम होता. काम झालं की प्रत्येक सरडा, जिथे धरला त्याच दगडावर नेऊन सोडायचा. उगाच दुसऱ्या उतारावर नाही. दगडांवर खुणाच केलेल्या होत्या. हे ऐकल्यावर अप्पा म्हणाले, "माझ्या दगडावर काय खूण केली आहे?" ठमीनं विषय बदलला. कुलपाबद्दल ते कधी तक्रार करत नसत. फार तर म्हणत, सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आणि माझं कुंपण तू घराला घातलंस.

त्या आठवड्यात उन्हानं ताळतंत्र सोडलं होतं. त्या दिवशी सकाळी निघताना ठमीनं कूलरमध्ये पाणी भरलं, तो चालू केला, अप्पांच्या कपाळावरून हात फिरवला. बाहेरून कुलूप, आतून कडी, ते ठरलेलं वाक्य. सगळं रोजच्यासारखं.

दुपारी माथ्याच्या शेवटच्या तुकडीतला सरडा पेटीत होता. चांगला तगडा होता, सारखा पेटीच्या कोपऱ्यांत नाक घालत होता, पत्र्याला नखं घासत होता. ठमीनं चिमटा उचलला आणि तेवढ्यात दिवा गेला. पंखे थांबले, सगळी खोली एकदम मुकी झाली. आत सरड्याच्या नखांचा आवाज तेवढा येत राहिला.

ठमी चिडली. अर्धं काम वाया गेलं होतं. तिनं सरडा पाण्यात सोडला आणि खिडकी उघडली. लंबू मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. तो म्हणाला, की उन्हानं सगळीकडेच विजेवर ताण आलाय, एकेक भाग बंद पडत चाललाय. मग वाचता वाचता त्यानं मान वर केली.

"ताई, तुमच्या बाजूची तर सकाळीच गेली आहे. तुम्ही इथे पोचायच्या आधी. ट्रान्सफॉर्मर जळालाय, म्हणे."

सरड्यांच्या प्रयोगशाळेत आणखी एक पाल चुकचुकायला जागा नव्हती, पण ती चुकचुकलीच. ठमीनं घड्याळ पाहिलं. दुपार उतरायला लागली होती. म्हणजे सकाळपासून कूलर बंद, पंखा बंद. वर तापलेली गच्ची. बाल्कनीला कुलूप. खिडकी हातभर नाही, हात जाईल एवढी. हे सगळं तिनं स्वतःच केलं होतं, खिळे कुठले घ्यायचे हेसुद्धा तिनंच दुकानात निवडून घेतलं होतं.

तिनं अप्पांना फोन लावला. वाजत राहिला. अप्पांना त्या फोनची कटकट नको असायची, म्हणून ते तो पिठाच्या डब्यात पुरून ठेवत आणि संध्याकाळी ठमी तो झटकून बाहेर काढी. एरवी या गोष्टीवर दोघं हसत. आता तिला तो पिठातला घुसमटलेला आवाज जसाच्या तसा ऐकू यायला लागला. पुन्हा लावला. पुन्हा वाजून वाजून बंद झाला. खालच्या काकूंना फोन करावा म्हटलं, तर त्यांचा नंबर तिच्याकडे नव्हता. भांडणात नंबर कोण मागतं?

"लंबू, स्कूटर काढ," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

सिग्नल बंद पडलेले होते. प्रत्येक चौकात गाड्या एकमेकींना भिडून उभ्या होत्या. हॉर्न वाजत होते आणि कोणी हलत नव्हतं. लंबू जमेल तसा फटींतून स्कूटर घालत होता आणि मागे बसलेली ठमी त्याच्या शर्टाची पाठ मुठीत धरून बसली होती. रस्ता अंगावर वाफ टाकत होता. असल्या वेळी माणसाचं डोकं नको तिथे जातं. तिला अप्पांचं जेवणाचं ताट दिसत होतं, झाकलेलं, तसंच. मग खुर्ची दिसत होती. खुर्चीतलं ती बघायला धजत नव्हती.

एका चौकात स्कूटर पुरती अडकली, आणि तिथे तिला ते दिसलं. रस्त्यावर उन्हात कोणीच नव्हतं. फळवाला आपल्याच हातगाडीखाली जाऊन बसला होता. कुत्री उभ्या गाड्यांच्या पोटाशी पडली होती. पोलीस झाडाच्या बुंध्याला चिकटून तिथूनच हात करत होता. एका बाईनं पोराला भिंतीच्या बोटभर सावलीत उभं केलं होतं आणि स्वतः त्याच्यासमोर आडोसा होऊन उभी होती. ज्याला हलता येत होतं त्यानं आपापला दगड गाठला होता.

दगड. हे तिनंच तर लिहिलं होतं, स्वतःच्या हातानं, मॅडमनी पाठ थोपटली होती. उन्हाचा आकडा वर-खाली सारखा का, तर ऊन तापलं की सरडा दगडाखाली जातो. माथ्यावरचा जातो, पायथ्याचाही जातो. रात्रीच्या गारठ्याला चुकवता येत नाही, म्हणून तो अंगाला घडवतो. उन्हाला चुकवता येतं, म्हणून ते घडवत नाही. सरडा ऊन सोसत नसतो, ऊन टाळत असतो. सोसायची वेळ त्याच्यावर फक्त तिच्या पेटीत येते, कारण पेटीत दगड नसतो. आणि त्या पेटीतला आकडा उचलून तिनं भावाच्या तोंडावर मारला होता. अप्पांना खाली आणून तिनं त्यांच्याभोवती पेटी बांधली होती. खिळे ठोकून, दोन कुलपं लावून, एकही दगड न ठेवता.

"चल रे," ती लंबूच्या पाठीवर मूठ मारत म्हणाली. "फुटपाथवरून घे. घे म्हणते ना."

लंबूनं फुटपाथवरून घेतली.

इमारतीची लिफ्ट अर्थातच बंद होती. ठमी जिना चढायला लागली, मागून लंबू. तिसऱ्या मजल्यापर्यंत तिचा श्वास संपला, पुढचे मजले ती कठड्याला धरून स्वतःला ओढत गेली. शेवटच्या वळणावर काकू उभ्याच होत्या, पदर ओला, कपाळाला आठ्या. इतक्या महिन्यांचा अबोला त्यांनी एका दमात मोडला. तुमच्या बाथरूमचं पाणी माझ्या डोक्यावर पडतंय, म्हणाल्या, केव्हापासून छत गळतंय, वर येऊन दार वाजवलं तर दाराला हे भलंमोठं कुलूप. मग ठमीचा चेहरा पाहून त्यांचा आवाज खाली आला.

"दुपारपर्यंत वर ठोकाठोक चालू होती गं," त्या म्हणाल्या. "मी दाराशी येऊन हाका मारल्या. म्हटलं, तुमची लेक येईलच. मग ते थांबले. मला वाटलं, झोपले."

ठमीनं किल्ली काढली. किल्ली कुलपात जाईना. लंबूनं तिच्या हातातून घेऊन कुलूप काढलं आणि दार ढकललं. दार हललं नाही. आतून कडी होती.

तिनं टकटक केली. रोजच्यासारखी, हलकी. तिला एकाएकी वाटलं, की रोजच्यासारखं वाजवलं तर रोजच्यासारखं होईल.

"अप्पा, मी आहे."

ती थांबली. मी म्हणजे कोण, असं कोणी विचारलं नाही. आतून पाण्याची बारीक धार पडत असल्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही. "अप्पा, मी. ठमी. अप्पा, मी म्हणजे ठमी." ती दारावर दोन्ही हातांनी मारायला लागली. काकूंनी तिला खांद्यांना धरून बाजूला ओढलं. लंबू खाली धावला आणि वॉचमनला घेऊन आला. वॉचमनच्या हातात पहार होती. त्यानं ती फटीत घातली, दोघांनी जोर लावला. लाकूड कडाडलं आणि कडी चौकटीसकट उपटून आत पडली.

आतून जो झोत आला, त्यानं वॉचमनसुद्धा एक पाऊल मागे सरला. ठमी त्या गरमीत शिरली. खुर्ची बाल्कनीच्या दाराशी ओढलेली होती. तिथल्या कुलपाखाली लाकडावर ओरबाडल्याच्या खुणा होत्या, बाजूला वाकलेला चमचा पडला होता. ताट तसंच झाकलेलं. खिडकीच्या फटीत एक उशी अर्धी बाहेर, अर्धी आत अडकली होती, काय करायला निघाले होते कोण जाणे. खुर्ची रिकामी होती. खाट रिकामी होती. तिनं खाटेखालीही पाहिलं. पाऊल टाकलं तर फरशीवर पाणी होतं.

बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. अप्पा आत जमिनीवर उताणे पडले होते, अंगावर फक्त अर्धी चड्डी. नळ बारीक सोडलेला होता. पाणी वाहून जाण्याच्या जाळीवर टॉवेलचा बोळा घट्ट कोंबलेला होता, आणि बोटभर पाण्यात अप्पांची पाठ, मान, डोक्याचे पांढरे केस बुडालेले होते. डोळे मिटलेले, तोंड उघडं, चेहरा भाजल्यासारखा लाल. घरात तेवढी एकच जागा होती जिथे फरशी गार होती आणि जिला खिडकी नव्हती. डोक्यातलं इतकं पुसलं गेलं होतं, तरी ती त्यांना सापडली होती.

ठमी गुडघ्यांवर पडली. तिचे हात पुढे गेले आणि मधेच थांबले. हे ती रोज बघत होती. उताणं अंग, उघडं तोंड, मंद मंद हलणारं पोट. हे पोट हलतंय का? तिला दिसेना. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि काही दिसत नव्हतं. तिच्या आयुष्यात ती एवढी कधी घाबरली नव्हती. हात लावला आणि अंग हललं नाही, तर मग पुढे काहीच उरणार नव्हतं. म्हणून ती हात लावत नव्हती, आणि म्हणूनच वेळ जात होता. हात रेंगाळला तर सरडा गेला, हे लंबूला शिकवलं कोणी? तिनंच.

"ताई, पाणी मारा," लंबू मागून ओरडला.

तिनं ओंजळ भरून अप्पांच्या छातीवर पाणी मारलं. पुन्हा मारलं. आणि अप्पांचा एक पाय सरकला. टाच फरशीवर घासली गेली, निसटली, पुन्हा घासली. मग खांदा उचलला गेला आणि परत पडला. कोणी त्यांना धरलं नाही. ठमीला धरायचं सुचलंच नाही, ती नुसती बघत राहिली. दुसऱ्या खेपेला ते हातावर जोर देऊन कण्हत कण्हत वळले आणि कुशीवर आले. गाल ओल्या फरशीला टेकवला. डोळे न उघडताच त्यांचे ओठ हलले. ती खाली वाकली.

"बोळा काढू नको," अप्पा म्हणाले. "पाणी जाईल."

मग मात्र ठमी मोठ्यानं रडली. लाज नाही, शरम नाही, त्या बोटभर पाण्यात बसून वडिलांचं डोकं मांडीवर घेऊन लहान पोरीसारखी रडली. काकूंनी खालून बर्फ आणला, तोही जवळपास वितळलेला. तो त्या अप्पांच्या काखेत आणि मानेशी लावत राहिल्या. माणसाला असं कोंडतात का, हे त्यांनी पुन्हा बोलून टाकलं असतं तर ठमीला बरं वाटलं असतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सलाईन लावली, अंगावर ओल्या चादरी घातल्या, आणि बऱ्याच वेळानं बाहेर येऊन सांगितलं, की धोका टळलाय असं वाटतंय, पाण्यात पडून राहिले म्हणून वाचले. ही अक्कल कोणाची, असं त्यांनी विचारलं. त्यांचीच, ठमी म्हणाली. डॉक्टर गेल्यावर तिनं भावाला फोन केला. तो रागावेल म्हणून तिनं तयारी केली होती, पण तो रागावला नाही, नुसता जोरजोरात श्वास घेत राहिला. ती म्हणाली, दादा, आकडा बरोबर होता, मी चुकले. तो काही समजला नसावा. मी निघतो, एवढंच म्हणाला.

तिच्या पर्समध्ये अजून दोन्ही कुलपांच्या किल्ल्या होत्या. घराचं दार चौकटीवर नुसतं टेकवून ठेवलेलं होतं. लंबू तिथे बसला होता, म्हणून चोरीची भीती नव्हती. पण भीती अजून गेली नव्हती. पंख्याचा वेग जरा कमी झाला की ती मान वर करून बघत होती. अप्पांचं पोट हलतंय ना, म्हणून दर थोड्या वेळानं चादरीवर हात ठेवत होती.

दिवेलागणीला अप्पांनी डोळे उघडले. छताकडे पाहिलं, सलाईनच्या नळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ही रोजची कडी काढायची वेळ होती. त्यांना दुपारचं काही आठवत होतं की नव्हतं, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

"आज किती उलटले?" त्यांनी विचारलं. आवाज फाटलेला होता.

"एकच," ती म्हणाली.

"वरचा की खालचा?"

"वरचा."

अप्पा मिशीत हसले. ओठ फुटले होते, त्यामुळे हसू अर्ध्यातच राहिलं. त्यांनी डोळे मिटले आणि तिला वाटलं, झोपले. पण त्यांचा हात चादरीवरून चाचपत येऊन तिच्या मनगटावर थांबला, दांड्यावर थांबायचा तसाच.

"मग त्याला त्याच्या दगडावर सोडून ये," ते म्हणाले. "नियम आहे ना तुमचा."

"सोडते, अप्पा," ठमी म्हणाली. "मीच घेऊन जाते. आणि तिथे राहते."